वटवाघळाचं पिल्लू हाती आलं की आधी ऊब, मग दूध

मार्चअखेरीस एका सोसायटीच्या वॉचमनकाकांचा फोन आला. विजेच्या तारेला चिकटून मोठं वटवाघूळ खाली पडलं होतं. "ताई, मेलंय ते, पण छातीशी काहीतरी हलतंय."

आई खरंच गेली होती. पिल्लू तिच्या काखेजवळचं स्तनाग्र तोंडात घट्ट धरून होतं. उडत्या आईला लटकून राहता यावं म्हणून या पिल्लांचे दुधाचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे ओढून काढायचं नाही, इजा होते. आमच्या डॉक्टर मॅडमनी कोमट पाण्याचे थेंब सोडत, बोटाने अलगद सोडवलं. वीस मिनिटं लागली. तेव्हा मी पशुवैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्यानंतरचे सगळे उन्हाळे याच कामात गेले.

नवीन आलेला प्रत्येक जण आधी दुधाकडे धावतो. मीही धावले होते. दुसऱ्याच आठवड्यात आलेल्या एका गार पडलेल्या पिल्लाला मी घाईने दूध पाजलं आणि ते रात्रीत गेलं. अंग थंड असताना दूध पचत नाही, हे मला त्या रात्रीने शिकवलं. आधी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, पंखांचा पडदा हाताला कोमट लागेपर्यंत. मग डॉक्टरांनी सांगितलेलं क्षारांचं पाणी, थेंबाथेंबाने. दूध त्यानंतर. आमच्याकडे कुत्र्याच्या पिल्लांची पावडर वापरतात, प्रमाण रोजच्या वजनावरून ठरतं. त्यासाठी ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. पाजताना पिल्लू कापडात गुंडाळलेलं, डोकं किंचित खाली. सिरिंज दाबायची नाही, ते स्वतः चाटेल तेवढंच. दूध फुप्फुसात गेलं तर वाचवणं फार अवघड होतं.

आणि त्याला धरायला काहीतरी द्या. आम्ही जुन्या मोज्यात कापड भरून लांबट गुंडाळी करतो आणि टांगतो. पायांच्या नखांनी ती पकडली की त्याचं ओरडणं थांबतं. मला दर वेळी भरून येतं.

आता ज्यावर मी अजिबात तडजोड करत नाही ते. रेबीजची आगाऊ लस पूर्ण झाल्याशिवाय वटवाघळाला हात लावायचा नाही, हातमोजे घालूनही नाही. चावा लागला, ओरखडा आला तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) निपाह विषाणूची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली होती. घाबरायचं कारण नाही, पण मास्क विसरायचा नाही. पिल्लू सापडलं तर खोक्याने झाकून वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. घरी पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं कित्येक वर्षं उंदरांसोबत उपद्रवी, म्हणजे मारायला मुभा असलेल्या, प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

पुढे केळं, चिकू, पपई आली की माणसाचा हात कमी करत न्यायचा. मोठ्या पिंजऱ्यात पिल्लू उडायला शिकलं की त्याच वयाच्या पिल्लांबरोबर ठेवायचं, बोलणंही बंद. सगळ्यात कठीण हेच जातं.

त्या मार्चच्या पिल्लाला जुलैत, वटवाघळांच्या वसाहतीच्या वडाजवळच्या पिंजऱ्यातून दार उघडून सोडलं. आत रोज रात्री फळं ठेवत होतो. चार रात्री ते खायला परत आलं. पाचव्या सकाळी पपईच्या फोडी जशाच्या तशा होत्या.