पावसाळ्याआधी अँटेना आणि रिपीटर कसे तयार ठेवायचे (नागपूरच्या हवेसाठी)

जून लागला की आपल्या हॅम रेडिओवाल्यांचं (हौशी बिनतारी संदेशवाले) "पावसात रिपीटर (आपला सिग्नल पकडून उंचावरून पुन्हा पाठवणारं स्टेशन) ऐकू येत नाही" हे सुरू होतं आणि लोक सरळ पावसाला दोष देऊन मोकळे होतात. पण २ मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झला, हवेतला पाऊस सिग्नल जवळपास काहीच खात नाही, तो त्रास साधारण १० गिगाहर्ट्झच्या पुढे सुरू होतो, म्हणून तर जोराच्या पावसात घरचा डिश टीव्ही जातो. आपला सिग्नल खातं ते जॉइंटमध्ये शिरलेलं पाणी, आणि त्याला वाट करून देतं मे महिन्यातलं ऊन. आपल्याकडे पारा ४५-४६ ला टेकतो, स्लॅब त्याहून तापतो, अँटेनापासून रेडिओपर्यंत येणाऱ्या केबलच्या काळ्या आवरणाला बारीक चिरा पडतात, साध्या टेपचा गोंद वितळून वाहतो. त्यामुळे काम एप्रिल-मेमध्येच करा, सकाळी आठच्या आत गच्चीवर जाऊन.

सगळ्यात आधी वरचा, अँटेनाकडचा कनेक्टर उघडा. पीएल २५९ हा नेहमीचा कनेक्टर मुळात वॉटरप्रूफ नसतोच, एन टाइप कनेक्टर बरा, पण टेप दोघांनाही लागते. आत हिरवट दिसलं किंवा तांब्याची जाळी काळी पडलेली दिसली तर नुसतं पुसून भागत नाही, जाळीतून पाणी बरंच आत ओढलं जातं, तेव्हा चांगलं चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल कापा आणि नवा कनेक्टर लावा. मग सेल्फ अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो, आणि उन्हापासून वाचवायला त्यावर चांगली पीव्हीसी टेप. आंबट वास येणारं सिलिकॉन अजिबात लावू नका, त्यातलं अ‍ॅसिड तांबं खातं. केबल घरात शिरायच्या आधी खाली एक झोल सोडा, पाणी तिथून ठिबकून जातं. झिप टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात लवकर तुटतात.

आता एसडब्ल्यूआर, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी अँटेनाकडून किती परत येते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला. खाली रेडिओजवळचा मीटर पाहून निर्धास्त राहणारे खूप आहेत आणि माझं मत असं की पावसाळ्यात त्या एकट्या आकड्यावर विश्वास ठेवूच नये. केबल पाणी प्यायली की लॉस वाढतो, वर जाणारी पॉवरही कमी होते आणि परत येणारीही, त्यामुळे मीटर उलट छान दिसायला लागतो. केबलचा लॉस ३ डीबी, म्हणजे अर्धी पॉवर वाटेतच गेलेली, असेल तर वर अँटेना निखळून पडलेली असतानाही खाली एसडब्ल्यूआर फक्त ३ च्या आसपास दिसतो! म्हणून काही न करता १.६ चा १.२ झाला तर लगेच शंका घ्या. खरी टेस्ट अशी की वरच्या टोकाला वॉटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर) लावायचा आणि खालून किती गेले, वर किती पोचले ते पाहायचं. जाड आरजी २१३ ची ३० मीटर धडधाकट केबल १४५ मेगाहर्ट्झला अडीच-तीन डीबी खाते, बारीक आरजी ५८ तर साधारण दुप्पट, म्हणून लांब रन असेल तर आरजी ५८ नकोच. तुमचे आकडे यापेक्षा बरेच खराब आले तर केबल बदला.

वादळासाठी एवढंच, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे ताणाच्या तारा आणि यू-क्लॅम्प आवळून ठेवा. यागी (एकाच दिशेला रोखलेली अँटेना) असेल तर वादळानंतर तिची दिशा पाहा, पुष्कळदा पाइपवर फिरलेली असते आणि आपण रिपीटर डाऊन समजतो.

वीज मात्र गमतीत घेऊ नका भाऊ. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात, तेव्हा गच्चीवर जायचं नाही आणि केबललाही हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप ठेवा आणि ढग लांब असतानाच केबल काढून घराबाहेर अर्थ केलेल्या पट्टीला जोडा. अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) लावलेला असला तरी त्याला चांगली अर्थिंग हवी आणि ती घराच्या अर्थिंगला जोडलेली हवी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच वेळी येतात, म्हणून मार्चपासून खड्ड्यात पाणी टाकत राहा.

रिपीटरची गोष्ट वेगळी, कारण तो एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो, बहुतेक ६०० किलोहर्ट्झच्या फरकानं. मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) कुठे गंजलेला क्लॅम्प किंवा सैल जॉइंट असेल तर त्याच्याच ट्रान्समिशनमुळे तिथे नॉइज तयार होतो आणि त्याचाच रिसीव्हर बहिरा होतो. लांबच्या स्टेशनला रिपीटर उघडतो, लगेच तुटतो, परत उघडतो, असं झालं तर आधी गंज शोधा. पत्र्याच्या खोलीत डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) तापून ट्यूनिंग सरकतं, सावली आणि हवा खेळती ठेवा. लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण अर्धं होतं, आणि ४५ अंशांत १३.८ व्होल्ट फ्लोट (सतत चालू राहणाऱ्या चार्जिंगचा व्होल्टेज) जास्त होतो, साधारण १३.४ ठेवा. आणि बॅटरी जमिनीवर ठेवू नका, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा तळमजल्यांत पाणी शिरलं होतं.

एवढं करूनही रिपीटर बंद पडू शकतो, तर ग्रुपनं एक सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायची) फ्रिक्वेन्सी आधीच ठरवून रेडिओच्या मेमरीत भरून ठेवावी आणि रिपीटर चालू असतानाच रिव्हर्स बटण (रिपीटर जिथे ऐकतो ती फ्रिक्वेन्सी ऐकवणारं) दाबून कोण कोणाला थेट ऐकू येतं याची यादी करावी. ज्याचं घर उंचावर, त्यानं मधे निरोप पोचवायचा, हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा.