मोबाइलवर शेवटपर्यंत वाचला जाईल असा मराठी लेख कसा लिहावा

मोबाइलवर लेख उघडणारा वाचक पहिल्या पडद्यावर एवढंच बघतो: माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे का? पहिल्या दोन-तीन वाक्यांत ते दिसलं तर तो थांबतो. म्हणून लिहिताना आधी प्रश्न ठरवा, मग त्याचं उत्तर लिहा, मग बाकीचा मजकूर. मथळा सगळ्यात शेवटी पक्का करा.

१. विषयाचा प्रश्न करा

‘मिळकतकर’ हा विषय झाला. ‘पुण्यात धनकवडीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, तरी बिलात ४० टक्के सवलत लागलेली नाही, काय करू?’ हा प्रश्न झाला. तो कागदावर एका वाक्यात उतरत नसेल तर लिहायला बसू नका, कारण तसा लेख हमखास भरकटतो.

हाच प्रश्न लोक कोणत्या शब्दांत विचारतात तेही टिपून ठेवा. महापालिकेच्या बिलावर ‘मिळकतकर’ असतो, शेजारी ‘घरपट्टी’ म्हणतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘प्रॉपर्टी टॅक्स’ चालतो. तिन्ही शब्द लेखात एकेकदा सहज येऊ द्या, म्हणजे शोधणारा कोणत्याही शब्दाने तुमच्यापर्यंत पोहोचेल. एकच शब्द दहा वेळा कोंबला तर मात्र वाचणारा कंटाळतो.

२. पहिल्या ५० शब्दांत उत्तर द्या

‘आजच्या धावपळीच्या युगात’, ‘आपणा सर्वांना माहीतच आहे की’, ‘कर हा शहराच्या विकासाचा कणा आहे’ अशी सुरुवात बेधडक कापून टाका. कच्च्या मजकुराचा पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. बहुतेक वेळा काहीच अडत नाही. खरी सुरुवात तिथेच असते.

वरच्या प्रश्नाची सुरुवात अशी करता येईल: ‘पुणे महापालिकेच्या हद्दीत तुम्ही स्वतःच्या घरात राहता आणि मिळकतकरात ४० टक्के सवलत लागलेली नाही? मग त्यासाठीचा पीटी-३ हा अर्ज भरावा लागेल. तुम्ही तिथेच राहता याचा पुरावाही जोडावा लागेल. अर्जात लोक कुठे चुकतात, तेही खाली दिलं आहे.’

उत्तर आधीच दिलं तर वाचक निघून जाईल, ही भीती अनेकांना वाटते. काही जण जातीलही. त्यांचं काम झालेलं असतं आणि पुढच्या वेळी ते तुमचंच नाव शोधतात. बाकीचे ‘कुठे चुकतात’ यासाठी थांबतात. उत्तर दडवून ठेवलं की दोघेही जातात.

३. क्रियापद लवकर येऊ द्या

मराठीत लिहिणाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य लांबलं की काय करायचं ते कळायला वाचकाला शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. छापील पानावर एवढा धीर टिकतो. फोनवर तेच वाक्य सहा-सात ओळींचं होतं आणि अंगठा पुढे सरकतो.

उदाहरणार्थ: ‘पावसाळ्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर जाताना निसरड्या दगडांमुळे व धुक्यामुळे होणारे अपघात टाळण्याच्या दृष्टीने पर्यटकांनी योग्य ती काळजी घेणे आवश्यक आहे.’ आता हे वाचा: ‘पावसाळ्यात आतकरवाडीच्या वाटेवरचे दगड निसरडे होतात. धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही. चांगली पकड असलेले बूट घाला. अंधार पडायच्या आत खाली उतरा.’

पहिल्या वाक्यात ‘योग्य ती काळजी’ म्हणजे नेमकं काय, हे कुठेच नाही. लांब वाक्यात असली पोकळ जागा सहज लपून जाते. वाक्य तोडलं की ती उघडी पडते आणि लेखकाला खरी माहिती शोधावीच लागते. वाक्य साधारण १२ ते १५ शब्दांचं ठेवा. सगळी वाक्यं सारख्या मापाची मात्र नकोत, वाचताना ठेका एकसुरी होतो.

‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’, ‘करण्यात येते’ ही सरकारी परिपत्रकातली भाषा आहे. ‘अर्ज सादर करण्यात यावा’ऐवजी ‘अर्ज द्या’ म्हणा.

४. चाळणाऱ्यालाही काही मिळू द्या

संकेतस्थळांवरच्या वाचनाचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, चाचणीतल्या ७९ टक्के लोकांनी नवं पान नुसतं चाळलं. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच होते. त्या चाचण्या मोठ्या पडद्याच्या संगणकांवर झाल्या. फोनवर तर जागा आणखी कमी.

म्हणून दर १५०-२०० शब्दांनी उपमथळा द्या आणि त्यात माहिती ठेवा. ‘आवश्यक कागदपत्रे’पेक्षा ‘राहण्याच्या पुराव्याशिवाय अर्ज देऊ नका’ हा उपमथळा चांगला, कारण तो नुसता वाचला तरी काम होतं. परिच्छेद तीन-चार वाक्यांचा पुरे. महत्त्वाचे शब्द ओळीच्या सुरुवातीला आणा. चाळताना नजर डावीकडून खाली उतरते.

५. मथळा: दहा लिहा, एक ठेवा

गूगलच्या निकालात मथळ्याची साधारण ५०-६० अक्षरं दिसतात, नंतर तीन टिंबं येतात. देवनागरीत मोजताना घोळ होतो: ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर वाटतं, पण संगणक क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक मोजतो. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. मुख्य शब्द पहिल्या पाच-सहा शब्दांत आणा आणि फोनवर मथळा कसा दिसतो ते बघा.

‘मिळकतकराविषयी महत्त्वाची माहिती’ यातून काहीच कळत नाही. ‘मिळकतकरात ४० टक्के सवलत: पीटी-३ अर्ज असा भरा’ यात विषय, फायदा आणि कृती तिन्ही आहेत. ‘वाचून थक्क व्हाल’ छापाचे मथळे टाळा. अशा मथळ्याने फसलेला वाचक पुढच्या वेळी तुमचा खरा मथळाही उघडत नाही.

६. मांडणीत या चुका होतात

- देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असतात, म्हणून ओळी चिकटल्या की वाचताना डोळे थकतात. अक्षराचा आकार १७-१८ पिक्सेल आणि ओळीची उंची त्याच्या १.६ पट ठेवा.
- अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरंही टाळा.
- दोन्ही कडा सरळ करण्याच्या नादात फोनवर शब्दांमध्ये भोकं पडतात. मजकूर डावीकडे लावा.
- छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर वाचकाला रोमन अक्षरांचा काला दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदला.
- लिंक पाठवल्यावर दिसणारं चित्र १२०० × ६३० पिक्सेलचं ठेवा आणि त्यावर चार-पाच शब्दांपेक्षा जास्त लिहू नका.

७. दुसऱ्याच्या हातात फोन द्या

लेख एक रात्र बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा. नंतर विषय माहीत नसलेल्या एखाद्याला फोनवर वाचायला द्या आणि काही न बोलता अंगठ्याकडे बघा. अंगठा भराभर फिरला तो परिच्छेद कापा. तो मागे गेला तिथे काहीतरी कळलेलं नाही, ते सोपं करा.

प्रसिद्ध केल्यावर महिन्याभराने गूगल सर्च कन्सोल उघडा. लेख गूगलच्या शोधात किती वेळा दिसला, किती वेळा उघडला आणि कोणत्या शब्दांनी, हे त्यात कळतं. लेख निकालांत अनेकांना दिसतोय पण उघडत कोणी नाही, तर मथळा बदला. लोक उघडतात आणि काही सेकंदांत परततात असं भेटींच्या आकडेवारीत दिसलं, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. लोक ज्या शब्दांनी शोधत आले त्यांतला एखादा प्रश्न लेखात सुटलेलाच नसेल, तर त्याच्यासाठी नवा उपमथळा घाला आणि माहिती कधी तपासली ती तारीख वर लिहा.