जास्त चाललेली जुनी स्पोर्ट्स कार: किंमत ठरवताना या चुका टाळा

मुंबईत जुन्या स्पोर्ट्स कारचा सौदा सुरू होतो तो ‘रनिंग किती?’ या प्रश्नाने, आणि पुष्कळदा तिथेच तो संपतोही. इथे अशी गाडी बहुधा घरातली तिसरी किंवा चौथी गाडी असते, रविवारी सकाळी बाहेर पडते आणि दहाच्या आत तळघरातल्या पार्किंगमध्ये परत येते. त्यामुळे ६०,००० किलोमीटर चाललेली गाडी आपल्या बाजाराला थकलेली वाटते, तर जर्मनीत रोज कामावर नेली जाणारी लाखभर किलोमीटरची पोर्शे ९११ ही फारशी नवलाची गोष्ट नसते. किलोमीटरचा आकडा निरुपयोगी नाही. मात्र चाके किती फिरली एवढेच तो सांगतो. यंत्रात काय शिल्लक आहे, पुढच्या दोन वर्षांत खिशाला काय पडणार आहे आणि कागद कितपत स्वच्छ आहेत, या किंमत ठरवणाऱ्या तिन्ही प्रश्नांवर तो गप्प असतो.

किलोमीटर मोजणे, पण इंजिनाचे तास न पाहणे

पेडर रोडहून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत रोज सरपटत जाणारे इंजिन आणि दर शनिवारी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका लयीत चालणारे इंजिन यांची झीज किलोमीटरच्या एकाच मापाने मोजता येत नाही. सिग्नलला उभ्या गाडीचा मीटर थांबलेला असतो, इंजिन मात्र फिरत असते, तेल तापत असते, आणि रेडिएटरमधून अंगभर वारा जात नसल्याने रबरी नळ्या व प्लास्टिकचे जोड भाजून निघत असतात. अनेक आधुनिक गाड्यांच्या इंजिन-संगणकात इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद असते. पोर्शेच्या बाबतीत ती योग्य स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून नोंदी वाचणाऱ्या यंत्राने, सहज वाचता येते. किलोमीटरला तासांनी भागले की गाडीचा सरासरी वेग कळतो.

समजा, एक गाडी ३८,००० किलोमीटर चालली आहे आणि इंजिनाचे तास २,१०० आहेत. सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे आयुष्य वाहतुकीच्या कोंडीत गेले. दुसरी ८२,००० किलोमीटर चालली आहे आणि तास १,९०० आहेत. सरासरी ४३, म्हणजे तिने मोकळा रस्ता बराच पाहिला. बाजार पहिलीला कित्येक लाख जास्त देईल. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यापुरते बोलायचे तर मी दुसरी घेईन, आणि घासाघीसही कमी करेन.

हाच भागाकार मीटर फिरवल्याचा संशयही पडताळून देतो. सरासरी वेग ताशी ९ किंवा १० निघाला, तर गाडीने उभ्याउभ्याच आयुष्य काढले किंवा किलोमीटर मागे घेतले गेले, या दोनपैकी एक गोष्ट खरी आहे. गिअरबॉक्स, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) यांसारख्या भागांच्या नियंत्रकांत, म्हणजे छोट्या संगणकांत, कधीकधी दोषासोबत त्या वेळचे किलोमीटरही नोंदलेले असतात. मीटर फिरवणारा सगळीकडे हात फिरवतोच असे नाही. सर्व्हिसची बिले, विमा नूतनीकरणाच्या वेळचा तपासणी अहवाल आणि टायर बदलल्याच्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या की आकडा मध्येच मागे गेला आहे का ते दिसते. स्टिअरिंगचे गुळगुळीत झालेले चामडे किंवा पेडलचे रबर यांवरून अंदाज बांधणारे पुष्कळ भेटतात, पण या दोन्ही वस्तू बदलणे मीटर फिरवण्याइतकेच सोपे आहे.

हाताने गिअर बदलण्याच्या पोर्शेत आणखी एक नोंद मिळते: इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा, कोणत्या श्रेणीत फिरले, आणि असे शेवटचे कधी घडले. चुकून पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला की वरच्या श्रेणीत नोंद होते. ती पाहून लगेच सौदा मोडू नये. इंजिनाच्या ६०० व्या तासाला झालेली नोंद आणि आज १,९०० तास, याचा अर्थ त्या घटनेनंतर इंजिन १,३०० तास व्यवस्थित चालले आहे. नोंद मागच्या दहा-वीस तासांतली असेल, तर मात्र सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो आणि टिकतो का हे दाखवणाऱ्या कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणीशिवाय पुढे जाऊ नये.

किलोमीटरसाठी एकदा आणि झिजेसाठी पुन्हा, अशी दुहेरी वजावट

ही चूक घेणारेही करतात आणि विकणारेही सहन करतात. जास्त रनिंगमुळे बाजार जी किंमत कमी करतो, तिच्यात क्लच, डिस्क, शॉक ॲब्सॉर्बर, वॉटर पंप, बुश (चाकांच्या सांध्यांतले रबर) यांची अपेक्षित झीज आधीच धरलेली असते. विकणाऱ्याने ही कामे नुकतीच करून घेतली असतील आणि बिले हातात असतील, तर ती वजावट घेणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळते. खरी स्वस्त गाडी अशीच सापडते: आकडा मोठा, मोठे काम नुकतेच झालेले, आणि बाजार अजून आकड्याकडेच पाहत बसलेला. याउलट ८०,००० किलोमीटरच्या उंबरठ्यावर, सगळी मोठी कामे पुढ्यात ठेवून विकायला आलेली गाडी बहुतेक त्या कामांच्या दरपत्रकामुळेच विकायला आलेली असते.

म्हणून हिशेब उलट बाजूने मांडावा. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या सुस्थितीतल्या गाडीचे प्रत्यक्ष सौदे ४५ लाखांच्या आसपास होत आहेत असे धरू. गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी, येत्या दोन वर्षांत करावी लागणारी कामे लिहून काढावीत आणि प्रत्येकाचे लेखी दरपत्रक घ्यावे. ती बेरीज ७ लाख झाली, तर बोली ३८ लाखांवरून सुरू होते. त्यातून अनपेक्षित खर्चासाठी आणखी काही रक्कम बाजूला ठेवावी. त्यापलीकडे रनिंगसाठी वजावट मागायची असेल, तर ती पुढे आपण विकताना जे नुकसान होईल तेवढ्यापुरतीच असावी, आणि ते नुकसान वाटते तितके मोठे नसते. १५,००० किलोमीटरची गाडी २५,००० वर गेली की तिचा तोरा उतरतो, ८०,००० ची ९०,००० झाल्याने कोणी दचकत नाही. गाडी चालवण्यासाठीच घ्यायची असेल, तर हा मुद्दा बाकी सगळ्यांहून जड आहे.

कामांची यादी मॉडेलप्रमाणे बदलते आणि ती आधी माहीत असावी लागते. १९९७ ते २००८ या काळातल्या पोर्शे बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११ च्या इंजिनांत मधल्या शाफ्टचे बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस बेअरिंग म्हणतात, तुटून इंजिन निकामी होण्याचा धोका प्रसिद्ध आहे. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ चे इंजिन वेगळ्या बांधणीचे असल्याने त्यांना हा प्रश्न नाही, आणि २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनांत ते बेअरिंगच नाही. यातल्या साधारण २००५ पर्यंतच्या इंजिनांत गिअरबॉक्स उतरवला की हे बेअरिंग बदलता येते, म्हणून जाणता मालक क्लच, मागचे ऑइल सील आणि बेअरिंग ही तिन्ही कामे एकदम करून घेतो. क्लच नवा, पण बेअरिंगचा बिलात उल्लेख नाही, असे दिसले तर तो प्रश्न जरूर विचारावा. सहा गिअरच्या डीएसजीची, म्हणजे दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची, ऑडी टीटी असेल, तर तिच्या गिअरबॉक्सचे तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते. ७०,००० वर आलेल्या गाडीचे ते बिल नसेल, तर सर्व्हिस बुकातले बाकीचे शिक्केही जरा सावधपणे वाचावेत. ऑडी आर८ च्या चुंबकीय शॉक ॲब्सॉर्बरमधून गळती होणे नेहमीचेच आहे, आणि आपल्या गतिरोधकांवर ते वाचतील अशी आशा नको.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्नही याच हिशेबात येतो. फोर्ड मस्टँग २०१६ मध्ये पाच लिटरच्या व्ही८ इंजिनासह भारतात अधिकृतपणे विक्रीस आली, पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाडीचे इंजिन कितीही दणकट असले, तरी पुढचा बंपर किंवा हेडलाइट यायला किती आठवडे लागतील याची चौकशी सौद्याआधीच करावी.

कमी रनिंगची गाडी आपोआप चांगली समजणे

वरळी किंवा मरीन ड्राइव्हच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे आच्छादनाखाली उभी राहिलेली गाडी विश्रांती घेत नसते. सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कना गंज धरतो, इंधनाच्या नळ्या कडक होतात, आणि तळघरातले उंदीर वायरी कुरतडतात. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. जाड नक्षी शिल्लक असलेला जुना टायर हा नवा टायर नव्हे, आणि अडीचशे-तीनशे अश्वशक्तीच्या गाडीला तर तो धोकाच आहे. ब्रेक फ्लुइड, कूलंट, तेल ही सगळी किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षांवर बदलायची असतात.

पाणी शिरले होते का, हे फक्त विचारून सोडणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यानंतर मुंबईकराला पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिकवायची गरज नाही, असे आपल्याला वाटते. तरीही खाली बसलेली स्पोर्ट्स कार इतर गाड्यांच्या मानाने कितीतरी कमी पाण्यात बुडते, हे लक्षात राहत नाही. ज्या पाण्यातून शेजारची एसयूव्ही सहज निघून जाते, तेच पाणी हिच्या सीटखालच्या नियंत्रकांपर्यंत पोचलेले असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का ते पाहावे, गालिच्याखालचा फोम दाबून पाहावा, सीटच्या रुळांचे बोल्ट आणि वायरिंगच्या जोडण्यांवरची हिरवट पूड तपासावी.

उघडझाप छपराच्या गाडीला पुरात जावेही लागत नाही. जुन्या बॉक्स्टरच्या छपराचे पाणी वाहून नेणारी छिद्रे पानांनी तुंबली की पाणी आत उतरते आणि सीटखाली बसवलेला इमोबिलायझरचा, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, नियंत्रक भिजतो. मग चावी ओळखणे, सेंट्रल लॉक, अलार्म असे एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे दोष दिसू लागतात. गाडी पावसाळ्यात पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

चाचणीत दिसलेल्या लक्षणांचा चुकीचा अर्थ लावणे

गाडी पाहायला गेल्यावर बॉनेट किंवा मागचे झाकण आधीच गरम असेल, तर विनयाने दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ मागावी, कारण थंड इंजिन जे बोलते ते गरम इंजिन लपवते. आडव्या सिलिंडरच्या पोर्शेतून सुरू होताना क्षणभर निळसर धूर येणे हा तिचा स्वभाव आहे, कारण उभी असताना थोडे तेल सिलिंडरकडे सरकते. तो धूर गाडी चालू लागल्यावरही टिकला, किंवा दोन सायलेन्सरपैकी एकाचेच तोंड काजळीने काळे दिसले, तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का ते कॅमेरा आत घालून पाहणे भाग आहे. दुहेरी क्लचची गाडी वाहतुकीत हळू सरकताना झटके देत असेल, तर ‘या गाड्यांचे असेच असते’ हे उत्तर स्वीकारू नये. क्लचची झीज स्कॅनरवर वाचता येते. वेग कमी असतानाच खडखड ऐकू येते आणि वेगात ती नाहीशी होते, असे झाल्यास बहुधा बुश किंवा लिंक रॉड गेलेले असतात. हे स्वस्तातले काम आहे आणि घासाघिशीला उत्तम.

रंगाची जाडी मोजताना एक तांत्रिक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, पण फक्त लोखंडावर चालणारे स्वस्त मापक ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काहीच दाखवत नाही, आणि स्पोर्ट्स कारचे बॉनेट व दरवाजे पुष्कळदा ॲल्युमिनियमचेच असतात. दोन्ही धातूंवर चालणारे मापक लागते. केवळ एका बंपरचा रंग नवा असण्यात काही वावगे नाही. आपल्या रस्त्यांवर तो घासल्याशिवाय राहत नाही. चॅसिसच्या पुढच्या दांड्यांवर वेल्डिंग दिसले, तर मात्र किंमत कितीही कमी होवो, बाहेर पडावे.

कागद सर्वांत शेवटी पाहणे

दुसऱ्या राज्यात पासिंग झालेली गाडी स्वस्त दिसते, पण तिच्या किंमतीत महाराष्ट्राचा मोटार वाहन कर मिळवलेला नसतो. एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पाँडिचेरीच्या पाटीवर मुंबईत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या गाड्या त्यामुळेच अडचणीत येतात. दिल्ली परिसरातून आलेल्या, १५ वर्षांच्या आसपास पोचलेल्या पेट्रोल गाड्यांची स्वस्ताई तिथल्या वयाच्या निर्बंधांमुळे आहे, मालकाच्या उदारपणामुळे नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतन करावी लागते, तपासणी आणि हरित कर आलाच, आणि आयात मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे. चौदाव्या वर्षाची गाडी घेताना हा खर्च विकणाऱ्याच्या किंमतीतून वजा करावा.

खासगीरीत्या आयात केलेल्या गाडीचे सीमाशुल्काचे मूळ कागद नसतील, तर गाडी पाहण्यातही वेळ घालवू नये. विक्रेत्याच्या विमा पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस असेल, तर सलग पाच वर्षे दावा नाही असा त्याचा अर्थ होतो, परंतु तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो त्याच्या आधीच्या गाडीवरून आलेला असू शकतो, म्हणून याच गाडीच्या जुन्या पॉलिसी मागाव्यात.

जाहिरातींतल्या किंमती या केवळ अपेक्षा असतात. चार महिने तशीच राहिलेली जाहिरात ती किंमत कोणी देत नाही याचा पुरावा समजावा. परदेशातल्या किंमतीला रुपयांनी गुणून इथली किंमत काढणे तर सोडूनच द्यावे, कारण शुल्कामुळे इथे गाडीची आणि तिच्या भागांची दोन्ही गणिते बदलतात. टोकनची पावती करताना तीत चॅसिस व इंजिन क्रमांक, मीटरवरचे किलोमीटर, बँकेचा बोजा उतरवण्याची आणि प्रलंबित ई-चलन भरण्याची जबाबदारी कोणाची, आणि लिफ्टवरच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास टोकन परत मिळेल ही अट लिहून घ्यावी; या अटीला नकार देणाऱ्याकडे तपासणीचा खर्चही करू नये.