मीटर पळतोय म्हणण्याआधी: घरची वीज मोजताना या चुका टाळा

मे महिन्याचं बिल आलं की आमच्या सोसायटीच्या जिन्यात एकच वाक्य ऐकू येतं: "मीटर पळतोय हो." मागच्या उन्हाळ्यात मीही त्याच सुरात सूर मिसळत होतो. बिलावर ४१२ युनिट, आदल्या बिलात ३३०. एसी आम्ही हात राखून लावतो, मग एवढी वीज जाते कुठे? पुढचे पंधरा दिवस मी घरभर वीज मोजत हिंडलो आणि करता येण्यासारखी जवळजवळ प्रत्येक चूक केली.

पहिली चूक बिल हातात धरल्या धरल्याच झाली. ४१२ युनिट होते ३४ दिवसांचे आणि ३३० होते २९ दिवसांचे. दिवसाला भाग दिला तर १२.१ आणि ११.४. म्हणजे रोजचं पाऊण युनिट वाढलं होतं, बस. बिलाची तुलना करायची तर आधी दोन्ही रीडिंगच्या तारखा बघा, दिवस मोजा आणि मग बोला. शिवाय मेची तुलना एप्रिलशी नको, मागच्या मेशी करा. बिलावर 'सरासरी' असा शेरा असेल तर ती तुलनाच बाद, कारण तो आकडा तुमच्या मीटरचा नाही, अंदाजाचा आहे. पुढच्या खऱ्या रीडिंगला त्याचा हिशेब होतो आणि ते बिल मग अंगावर येतं.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. १०० युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग दराने लागतात, असं लोक छातीठोकपणे सांगतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० असे टप्पे आहेत, पण वरचा दर लागतो तो वरच्या युनिटना. १०१ वा युनिट महाग, आधीचे १०० आपल्या जागी.

वाढीचं कोडं असं सुटलं. पण रोजचे ११-१२ युनिट तरी कोण खातंय, हा प्रश्न उरलाच.

मीटरवरचा भलताच आकडा टिपणे

इलेक्ट्रॉनिक मीटरचा डिस्प्ले सारखा बदलत असतो. तारीख, वेळ, व्होल्टेज, त्या क्षणाचा लोड, महिन्यातली सर्वाधिक मागणी असं एकेक येऊन जातं. आपल्याला हवा तो एकच आकडा, ज्याच्या शेजारी केडब्ल्यूएच (kWh), म्हणजेच युनिट, लिहिलेलं असतं. त्याच्यासारखाच दिसणारा केव्हीएएच (kVAh) नावाचा जुळा भाऊही काही मीटरवर येतो आणि तो थोडा मोठा असतो. मी पहिल्या दिवशी एक टिपला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. वजाबाकी केली तर एका दिवसात १९० युनिट! घरात पिठाची गिरणी चालवली असती तरी एवढे झाले नसते.

साधा उपाय म्हणजे आकडा वहीत उतरवून घेण्यापेक्षा फोटो काढा. फोटोत एकक दिसतं, दशांश चिन्ह दिसतं, वेळही नोंदली जाते. रोज एकाच वेळी काढा. मी सकाळी दूध आणायला खाली उतरतो तेव्हा काढतो, त्यामुळे विसरत नाही. आठवडाभराच्या सात वजाबाक्या बिलाच्या एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. पाहुणे आले तो दिवस, इस्त्रीचा दिवस, पाऊस पडून एसी न लावलेली रात्र, सगळं त्यात दिसतं. तुमच्याकडे स्मार्ट मीटर बसला असेल तर हेच काम फोनवरच्या ॲपमध्ये बसल्या जागी होतं.

लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० चा अर्थ असा की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. बाजारात हजारो रुपयांची उपकरणं मिळतात, पण हा फुकटातला मापक आधीच भिंतीवर टांगलेला आहे आणि आपण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

हिशेब सोपा आहे. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. उत्तर येतं वॉटमध्ये. १६०० चा मीटर असेल तर २२५० ला भागायचं. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, दहा मोजा. दहांना ४५ सेकंद लागले तर एकीला साडेचार, म्हणजे घराचा लोड त्या क्षणी २५० वॉट. मोजताना गडबड होते ती सुरुवातीला. स्टॉपवॉच सुरू केलं ती लुकलुक शून्य धरायची, एक नाही.

मी खाली मीटरच्या खोलीत मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभा आणि वर बायको फोनवर. "फॅन बंद केला. आता?" "थांब, मोजतोय." "लवकर मोज, कुकर लावलाय." असा अर्धा तास गेला, पण घरातल्या प्रत्येक वस्तूचा खरा लोड हाताशी आला.

दहा मिनिटं मोजून महिन्याचा निकाल लावणे

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात, कारण स्मार्ट प्लग, म्हणजे सॉकेट आणि उपकरणाच्या मध्ये बसून वीज मोजणारा प्लग, हाती आला की धीर धरवत नाही. मी तो फ्रिजला लावला, ११० वॉट दिसले. चोवीस तास गुणिले तीस दिवस, ७९ युनिट! लगेच फ्रिज बदलायची भाषा सुरू. प्रत्यक्षात मी बघितलं तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता, आणि तो दिवसभर सलग चालत नाही. प्लग पूर्ण एक दिवस-रात्र ठेवला तेव्हा १.१ युनिट भरलं, म्हणजे महिन्याला ३३. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तर मधूनच बर्फ वितळवायचा हीटर चालू होतो, तेव्हा बघाल तर छातीत धडकी भरेल. थांबून थांबून चालणारी जी वस्तू असेल, मग तो फ्रिज असो, एसी, गिझर किंवा इस्त्री, तिचा वॉट बघायचा नाही. तिचे युनिट बघायचे, तेही पूर्ण दिवसाचे.

गिझरला स्मार्ट प्लग लावायचा मोह आवरा. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो, ३००० वॉटचा १३. सहा किंवा दहा ॲम्पिअरचा प्लग त्यावर वितळू शकतो. सोळा ॲम्पिअरचाच हवा, आणि तोही सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर नको. खरं तर गिझरला प्लग लागतच नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं, हे भौतिकशास्त्र आहे, कंपनी कुठलीही असो. किती बादल्या काढता ते मोजा आणि गुणा.

रात्रीचा लोड कधीच न बघणे

आमचा चोर इथे सापडला. एसीला उगाच शिव्या घातल्या होत्या.

रात्री एक वाजता, सगळे दिवे-पंखे बंद करून आणि फ्रिजचा प्लग काढून मी खाली गेलो. दिवा दर आठ सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले ८, म्हणजे १४० वॉट. घरात कुणी काहीच वापरत नसताना! महिन्याचे हे १०० युनिट. पहिला टप्पा आमच्या आधी भिंतीतल्या तारांनीच संपवला होता म्हणायचा.

मग एकेक प्लग काढून, मोजून परत लावत गेलो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत जवळपास तेवढीच वीज ओढत राहतो, तो १४ वॉट निघाला. वायफाय राउटर ९. मोबाइलचे रिकामे चार्जर, ज्यांच्यावरून घरात रोज बोलणी बसतात, ते मोजण्यात येईनात इतके कमी. आणि मग इन्व्हर्टर. तो मेनपासून तोडला आणि दिवा थेट २२ सेकंदांवर गेला. म्हणजे एकटा इन्व्हर्टर ९० वॉट खात होता, महिन्याला ६४-६५ युनिट. बॅटरी सहा वर्षांची. चार्ज पूर्ण होतच नसल्यामुळे चार्जिंग कायम चालू, बॅटरीला हात लावला तर कोमट लागायची आणि डिस्टिल्ड वॉटर महिन्याला भरावं लागायचं. ही सगळी लक्षणं वर्षभर डोळ्यांसमोर होती. आम्हाला वाटायचं उन्हाळा आहे, तापणारच. आणि बिलाच्या तक्रारीशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

क्लॅम्प मीटरचा शून्य

इलेक्ट्रिशियनकडे चिमट्यासारखा मीटर असतो. वायरभोवती लावला की ॲम्पिअर दाखवतो. मी एक उसना आणला आणि टेबल फॅनच्या आख्ख्या केबलभोवती लावला. शून्य. मीटर बिघडला म्हणून परत करायला निघालो होतो. केबलमध्ये जाणारी आणि येणारी वायर दोन्ही असतात, त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात. चिमट्यात एकटी फेजची वायरच हवी. त्यासाठी डीबी, म्हणजे घरातल्या स्विचांची मुख्य पेटी, उघडावी लागते, आणि ते काम जाणत्या माणसाचंच आहे.

आकडा आला तरी त्याला २३० ने गुणून वॉट म्हणू नका. हीटर, गिझर, इस्त्रीला ते चालतं. पंखा, पंप, जुना फ्रिज यांच्या बाबतीत उत्तर फुगून येतं, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा, मध्ये येतो. याच पॉवर फॅक्टरच्या नावावर 'वीज वाचवणारी डबी' विकतात. घरगुती बिल केडब्ल्यूएचवर निघतं, त्यामुळे ती डबी लावून तुमच्या खिशात काही पडत नाही. आमच्या मजल्यावर दोन घरांत लावलेली आहे, हिरवा दिवा छान लागतो.

सगळं बंद, तरी मीटर चालू

हा खरा अवघड प्रकार. इथे थोडं शांतपणे वाचा.

आमच्या शेजारच्या काकांनी गावी जाताना सगळे एमसीबी, म्हणजे डीबीतले प्रत्येक सर्किटचे आपोआप पडणारे स्विच, पाडले आणि महिन्याने आले तर ४० युनिट. मीटर खराब, असा त्यांनी निकाल दिला. आम्ही दोघं खाली गेलो. एमसीबी बंद असताना दिवा लुकलुकत होता. मग मेन स्विच बंद केला, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, तर दिवा थांबला. मीटरवर अर्थ लिहिलेली छोटी खूणही आधी पेटलेली होती.

भानगड अशी होती. आपल्याकडचे बरेच मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. चोरी पकडायला ही सोय आहे. पण रंगकामाच्या वेळी झालेल्या वायरिंगमध्ये कुणीतरी दोन घरांचे न्यूट्रल एकत्र जोडून ठेवले होते. शेजारच्या घराचा परतीचा करंट काकांच्या न्यूट्रलमधूनही जात होता आणि मीटर इमाने इतबारे तो मोजत होता. मीटरचा दोष नव्हता, जोडणीचा होता. इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल वेगळे केल्यावर खूण विझली.

तुमच्याकडे असं झालं तर क्रम हाच ठेवा. एमसीबी एकेक पाडा. एखादा पाडल्यावर दिवा थांबला तर दोष त्या सर्किटवर आहे. गिझरच्या कॉइलला तडा जाऊन करंट अर्थमध्ये उतरत असेल तर वीजही जाते आणि जिवाला धोकाही आहे. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की पडणारा स्विच, असता तर तो आधीच पडला असता. एमसीबी अशा गळतीवर पडत नाही. सगळे एमसीबी पाडूनही दिवा चालूच आणि मेन पाडल्यावर थांबला, तर न्यूट्रल तपासायला सांगा. मेन पाडूनही चालू राहिला, तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरवर कुणाची तरी जोडणी आहे किंवा मीटरच सदोष आहे. तिथे आपलं काम संपलं. सीलला हात लावायचा नाही, वीज कंपनीला कळवायचं.

तक्रार करताना "बिल जास्त आलं" एवढंच लिहिलंत तर उत्तर ठरलेलं असतं: वापर जास्त आहे. त्याऐवजी मेन बंद असतानाचे दोन फोटो जोडा, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून, केडब्ल्यूएचचा आकडा दिसेल असे. सोबत दिवा लुकलुकत असल्याचा व्हिडिओ, ग्राहक क्रमांक आणि मीटर तपासणीची लेखी मागणी. पोच घ्या. तपासणीला माणूस येईल तेव्हा घरी थांबा आणि तो ॲक्युचेक (मीटर तपासायचं यंत्र) लावेल तेव्हा शेजारी उभे राहून किती लोडवर लावला ते बघा. नुसत्या एका बल्बवर घेतलेली चाचणी आणि गिझर चालू ठेवून घेतलेली चाचणी यांत फरक असतो.