पदवीनंतर प्रीमेडचे विषय कोठे पूर्ण करावेत: अमेरिकेत संस्था निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यासाठी पदवी कोणत्याही विषयातली चालते. मात्र जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचा प्रत्येकी साधारण एक वर्षाचा अभ्यास प्रयोगशाळेसह झालेला असावा, अशी बहुतेक महाविद्यालयांची अपेक्षा असते, आणि जैवरसायनशास्त्रही अनेक ठिकाणी लागते. यांनाच प्रीमेडचे विषय म्हणतात. कॉम्प्युटर सायन्स किंवा अर्थशास्त्राची पदवी घेऊन दोन-तीन वर्षे नोकरी केल्यावर डॉक्टर व्हायचे ठरवणारी मुले तिथल्या मराठी घरांतही आहेत. अशा घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो, कोणत्या संस्थेचे नाव अर्जावर शोभून दिसेल, हा. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा आहे की, हव्या त्या सत्रात हव्या त्या विषयाची जागा आपल्याला कोठे खात्रीने मिळेल.

हे मी माझ्या भाचीच्या अनुभवावरून लिहितो. घराजवळच्या एका मोठ्या विद्यापीठात तिने पदवीबाह्य विद्यार्थिनी म्हणून, म्हणजे पदवीसाठी नव्हे तर केवळ काही विषय घेण्यासाठी, नाव घातले. नोंदणी सुरू होण्याच्या मिनिटाला ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या व्याख्यानाला जागा मिळाली, पण प्रयोगशाळेच्या सगळ्या तुकड्या आधीच भरलेल्या होत्या, कारण पदवीच्या विद्यार्थ्यांची नोंदणी तिच्या कितीतरी आधी उघडली होती. प्रतीक्षायादीत तिचा क्रमांक चौदावा होता आणि तो शेवटपर्यंत आला नाही. सामान्य रसायनशास्त्राशिवाय सेंद्रिय नाही आणि सेंद्रियशिवाय जैवरसायन नाही, अशी ही साखळी असते. शिवाय अनेक ठिकाणी पहिला भाग फक्त शरद सत्रातच शिकवतात. त्यामुळे प्रयोगशाळेची एक तुकडी हुकली की वर्ष जाते, आणि अर्जापासून प्रत्यक्ष प्रवेशापर्यंत पुन्हा एक वर्ष लागतेच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला स्पष्ट विचारावे: पदवीबाह्य विद्यार्थ्यांची नोंदणी कोणत्या तारखेला उघडते आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी कितींना प्रयोगशाळेत जागा मिळाली? उत्तर गुळमुळीत आले, तर दुसऱ्या पदवीसाठी रीतसर प्रवेश घेता येतो का, किंवा जागा राखून ठेवणारा पोस्टबॅक (पदवीधरांसाठीचा प्रीमेड) अभ्यासक्रम परवडतो का, हे पाहावे.

पोस्टबॅक या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. ब्रिन मॉर आणि गाउचर या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम ज्यांनी विज्ञानाचे हे विषय पूर्वी घेतलेलेच नाहीत, अशा क्षेत्र बदलणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांचे विषय झाले आहेत पण गुण कमी पडले, त्यांनी तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी वरच्या पातळीचे विज्ञानविषय किंवा जॉर्जटाउनसारख्या विद्यापीठातला वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचा विशेष मास्टर्स हा मार्ग असतो. मात्र मास्टर्सचे गुण पदवीच्या सरासरीत मिसळत नाहीत, ते स्वतंत्र दाखवले जातात. पदवीनंतर घेतलेल्या पदवीपातळीच्या विषयांचे गुण सरासरीत धरले जातात, पण तिथेही अपेक्षा माफक ठेवावी: 120 क्रेडिटची 4.0 पैकी 3.2 ही सरासरी आणखी 36 क्रेडिट निर्भेळ 4.0 ने केल्यावर साधारण 3.38 होते.

कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचे स्थानिक महाविद्यालय) स्वस्त आहे म्हणून ते सरसकट टाळावे, असे मला वाटत नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी एखादा विषय तिथे घेण्यात काही गैर नाही. परंतु सगळेच मूलभूत विषय तिथे घेऊन त्यावर चार वर्षांच्या संस्थेतला एकही कठीण विज्ञानविषय न घेणे, ही चूक आहे. ऑनलाइन प्रयोगशाळेबाबत प्रत्येक महाविद्यालयाचे धोरण वेगळे असते. ज्या दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करायचा आहे, त्यांचे नियम एका कागदावर मांडून मगच नाव नोंदवावे.

तिमाही आणि सहामाही पद्धतीच्या संस्थांमध्ये एकच विषय अर्धा-अर्धा वाटू नये. तिमाहीत रसायनशास्त्राचे वर्ष तीन भागांत असते, सहामाहीत दोन. मध्येच संस्था बदलली की काही धडे दोनदा येतात, काही सुटतात, आणि तिमाहीचे एक क्रेडिट सहामाहीच्या दोन-तृतीयांशाइतकेच भरते.

पुण्या-मुंबईत बी.एस्सी. करून लग्नानंतर किंवा नोकरीनिमित्त अमेरिकेत आलेल्यांची अडचण निराळी आहे. भारतातली पदवी समकक्ष ठरवून घेतली तरी एमडी महाविद्यालयांच्या (अमेरिकेत एमडी ही डॉक्टरची पहिलीच पदवी) सामायिक अर्जप्रणालीत, म्हणजे ॲम्कासमध्ये, परदेशी गुण सरासरीत धरले जात नाहीत, आणि अनेक महाविद्यालये अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेले विषयच मागतात. एच-4, म्हणजे एच-1बीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या, व्हिसावर शिकता येते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर मात्र आय-20 हे प्रवेशाचे प्रमाणपत्र देणारी संस्था आणि पूर्णवेळ अभ्यास लागतो, जो संध्याकाळच्या विस्तार विभागांत बहुधा मिळत नाही. शिवाय अनेक एमडी महाविद्यालये केवळ नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांचेच अर्ज घेतात, हे दोन वर्षांची फी भरण्याआधी तपासलेच पाहिजे.

शिफारसपत्रांचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. तीनशे जणांच्या वर्गात पत्र लिहिण्याइतकी ओळख आपोआप होत नाही, आणि प्रीमेड समितीचे, म्हणजे संस्थेच्या वतीने एकत्रित, शिफारसपत्र देणाऱ्या काही संस्था त्यासाठी आपल्याकडे किमान क्रेडिट घेतलेली असावीत, अशी अट घालतात.

आणि एखाद्या विषयात सी आलाच, तर दुसऱ्या संस्थेत तो पुन्हा घेतल्याने जुना गुण पुसला जात नाही. ॲम्कास दोन्ही गुण मोजते. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरची पदवी देणाऱ्या, महाविद्यालयांच्या अर्जप्रणालीनेही जुन्याऐवजी नवा गुण धरण्याची सवलत 2017 मध्ये बंद केली. प्रत्येक संस्थेची गुणपत्रिका अर्जासोबत द्यावीच लागते. म्हणून पहिल्या परीक्षेतच गाडी रुळावरून घसरल्याचे दिसले, तर विषय सोडण्याच्या अंतिम मुदतीआधी प्राध्यापकांना भेटावे आणि तो सोडायचा की नाही हे ठरवावे. ती तारीख नोंदणीच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.