बोर्ड मेला म्हणायच्या आधी: घरी पीसी जोडताना या चुका टाळा

दिवाळीचे सेल झाले की मला फोन यायला सुरुवात होते. पार्ट कोणी लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, कोणी तपकीर गल्लीतून, कोणी ऑनलाइन, रविवारी हॉलमध्ये सगळं पसरून जोडलेलं असतं आणि रात्री अकराला फोन, दादा मदरबोर्ड डेड आलाय वाटतं, पंखे फिरतायत पण डिस्प्लेच नाही. आता मी अशा बऱ्याच मशीन उघडून बघितल्यात आणि त्यात बोर्ड खरंच मेलेला फार क्वचित निघालाय. बाकी सगळ्या ठिकाणी काहीतरी राहिलेलं असतं किंवा काहीतरी घाईत झालेलं असतं, आणि ते शोधायला इतका वेळ लागतो कारण एकदम दहा गोष्टी केलेल्या असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी नुसतं चालू करा, मग विंडोज टाका, मग ट्यूनिंग, आणि एका वेळी एकच बदल.

पहिली चूक म्हणजे सगळं थेट कॅबिनेटमध्ये बसवणं. बोर्ड आधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा (ती चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवी अंथरून तिच्यावर नको, तिचा बाहेरचा थर करंट नेऊ शकतो), प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच स्टिक आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) एवढंच लावा, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक कार्डही, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. इथे डिस्प्ले आला आणि कॅबिनेटमध्ये गेल्यावर गेला तर दोष कॅबिनेटकडचा आहे हे लगेच कळतं, बहुतेक वेळा एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब) चुकीच्या जागी राहिलेला असतो आणि तो बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करत असतो.

डिस्प्ले नाही म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो की मॉनिटरची केबल कुठे लावलीय. ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डलाच. आणि कार्ड अजून यायचंय म्हणून बोर्डाला लावली असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते बघा, रायझन ५ ५६०० मध्ये नाहीये, ५६००जी मध्ये आहे, इंटेलच्या नंबरात शेवटी एफ असेल तर नाही. दुसरा प्रश्न रॅमचा. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, आणि दाबताना मनात धाकधूक होईल इतका जोर लागतो, दोन्ही टोकं नीट बसली पाहिजेत. तिसरा प्रोसेसरच्या पॉवरचा. वरच्या कोपऱ्यातली ती ८ पिनची केबल लोक विसरतात, किंवा ग्राफिक कार्डाची ८ पिनची केबल तिथे कोंबायला बघतात. प्रोसेसरची केबल सुटते ती ४ आणि ४ अशी, कार्डाची ६ आणि २ अशी. जात नसेल तर ती केबल तिथली नाही, जोर लावू नका.

आणि डीडीआर५ रॅमवाल्यांसाठी खास. एएम५ च्या (रायझन ७००० आणि पुढच्या प्रोसेसरच्या) बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅम ओळखून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन पूर्ण काळी राहते. माणूस घाबरतो, बटण दाबून धरून बंद करतो, परत चालू करतो आणि ट्रेनिंग परत पहिल्यापासून. चालू करा आणि चहा टाकायला जा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे लाइट असतील तर कोणता अडकून बसलाय ते बघा, अर्ध काम तिथेच होतं.

आता ड्राइव्ह. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण बोर्ड गेला तर नवीन येतो, डेटा गेला की गेला.

माझ्या मामेभावाने मशीनमध्ये दुसरा एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारा वेगवान एसएसडी) टाकला आणि त्याची जुनी २ टीबीची हार्डडिस्क दिसायची बंद झाली. त्याने सॅटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदलली, मग अजून एक केबल आणली, मग डिस्क गेली असं धरून रिकव्हरीवाल्याकडे चौकशीसुद्धा केली. मी त्याला म्हटलं मॅन्युअल उघड आणि स्टोरेजचं पान काढ. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये ड्राइव्ह असेल तर सॅटा ५ आणि ६ बंद होतात. बोर्डाच्या चिपसेटकडे लेन (डेटाचे रस्ते) मोजक्याच असतात त्या अशा वाटून घेतलेल्या असतात, विशेषतः मधल्या बजेटच्या बोर्डांवर. डिस्क पोर्ट १ ला लावली, दिसली. हे प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्या बोर्डाच्या मॅन्युअलमधलं ते एक पान वाचा.

एम डॉट टू हा फक्त आकार आहे हेही लक्षात घ्या. त्या आकारात सॅटावाले ड्राइव्ह पण येतात आणि एनव्हीएमई पण, सॅटावाला साधारण ५५० एमबी पर सेकंदपर्यंत जातो, पीसीआयई ४.० वाला चांगला एनव्हीएमई ७००० च्या आसपास, आणि काही स्लॉट फक्त एनव्हीएमईच घेतात, त्यात सॅटावाला बसतो मस्त पण दिसत कधीच नाही. खाचा मोजून ओळखायला जाऊ नका, दोन खाचा असलेले एनव्हीएमई पण असतात, लेबल वाचा. विंडोजचा ड्राइव्ह प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये टाका, तो सहसा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. अपवाद, इंटेलच्या ५०० सिरीजच्या बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर बसवला असेल तर तो पहिला स्लॉट चालतच नाही, त्यात बोर्डाचा काही दोष नसतो. आणि हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढायची असते, ती तशीच राहिली की उष्णता हवी तशी बाहेर जात नाही, ड्राइव्ह गरम होऊन मोठी फाइल कॉपी करताना मध्येच मंदावतो आणि लोक एसएसडीच्या नावाने ओरडतात.

विंडोज टाकायला बसलात आणि ड्राइव्हची यादी रिकामी आली तर, इंटेल अकराव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) व्हीएमडी नावाचं सेटिंग बघा. ते चालू असेल तर सेटअपला ड्रायव्हर दिल्याशिवाय ड्राइव्ह दिसत नाही. घरच्या साध्या मशीनला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वगैरे लावायचं नसेल तर ते बंद करून विंडोज टाका. पण हे विंडोज टाकायच्या आधी ठरवा, टाकून झाल्यावर सहज म्हणून बदललंत तर निळी स्क्रीन येऊन बसते.

आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोकांना नडणारी चूक ही की जुन्या डिस्क लावलेल्या असतानाच नवीन एसएसडीवर विंडोज टाकणं. होतं काय की जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या, म्हणजे बूटच्या फाइल्सचा छोटा भाग) असतं, सेटअपला ते सापडतं आणि तो बूटच्या फाइल्स तिकडेच टाकून देतो, विंडोज नव्या एसएसडीवर आणि बूट जुन्या हार्डडिस्कवर. तेव्हा काहीच कळत नाही, सगळं छान चालतं. आठ महिन्यांनी तुम्ही ती जुनी डिस्क काढता किंवा ती स्वतःच जाते आणि मशीन म्हणतं बूट डिव्हाइस नाही, आणि आता तुम्हाला वाटतं की एसएसडी गेला. तो गेलेला नसतो. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून आत जाऊन एसएसडीवर छोटं ईएफआय पार्टिशन करून बीसीडीबूट कमांडने बूट फाइल्स परत बनवता येतात, पण हा सगळा ताप टाळायला दोन मिनिटं लागतात. विंडोज टाकताना फक्त एकच ड्राइव्ह लावलेला ठेवा. बाकीच्या डिस्क नंतर जोडा. चुकून भलतीच डिस्क फॉरमॅट होण्याचा धोकाही त्यात जातो.

आता जे सांगतोय ते माझ्या हातून झालंय. एसएमपीएस बदलला, नवा मॉड्युलर (केबल्स सुट्या होणारा) होता, जुनाही मॉड्युलरच, मग म्हटलं हार्डडिस्कच्या केबल्स कॅबिनेटमध्ये मागून छान ओवलेल्या आहेत त्या कशाला काढायच्या, फक्त एसएमपीएसकडचं टोक नव्यात लावू. टोक बसलं. चालू केलं आणि ४ टीबीची डिस्क त्या क्षणी गेली, बहिणीच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ त्यात. डिस्ककडच्या टोकाचं ठरलेलं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनला काय यायचं याचा काही ठरलेला नियम नाही, प्रत्येक कंपनी आपलं करते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो, त्यामुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. फोटोग्राफरकडे निम्मं शूटिंग शिल्लक होतं म्हणून तेवढं तरी वाचलं. केबल त्या एसएमपीएसच्या खोक्यातून आली असेल तरच लावा. बसते म्हणून लावू नका.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टल डिस्क इन्फो पुरतं. त्यात सी७ म्हणजे सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर बहुतेक सॅटा केबल खराब किंवा सैल आहे, डिस्क ठीक असू शकते, केबल बदला. पण सी५, म्हणजे पेंडिंग सेक्टर, वाढत असतील तर बाकी प्रयोग थांबवून आधी डेटा कॉपी करा, स्कॅन बिन नंतर. एसएसडी डीफ्रॅगच्या मागे लागू नका, विंडोज स्वतः ट्रिम (एसएसडीची साफसफाई) करत असतं.

ट्यूनिंगकडे शेवटी वळायचं याला कारण आहे. रॅम अस्थिर असेल तर ती नुसतं मशीन हँग करून थांबत नाही, चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जातो. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहिरातीतल्या स्पीडला चालवणारं बायोसचं सेटिंग) लावून त्यावर विंडोज टाकलं, इन्स्टॉलमध्येच फाइल्स करप्ट झाल्या, मग दोन आठवडे माणूस एसएसडीला दोष देत बसतो. म्हणून विंडोज टाकताना बायोस डिफॉल्टवर. मग एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीचं तसंच सेटिंग) चालू करा, ते केलंच पाहिजे, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वरच पळत राहते. आणि मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम). एकही एरर चालत नाही, एक आला तरी स्पीड एक पायरी खाली. चार स्टिक भरून जाहिरातीतला स्पीड मिळेल ही अपेक्षा डीडीआर५ मध्ये ठेवू नका, रायझन ७००० ला अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन घ्या.

बायोस अपडेट करावं का, तर दोन ठिकाणी नक्की करावं. रायझन ७००० च्या एक्स३डी प्रोसेसरमध्ये २०२३ मध्ये काही चिप जळल्या, एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे जाणारं) जास्त जात होतं, त्यानंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर बांधलं. आणि इंटेलच्या तेराव्या, चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर जास्त व्होल्टेजने हळूहळू खराब होत होते, त्यावर ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) आले आणि इंटेलने वॉरंटी २ वर्षं वाढवली. गेम चालू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा मेसेज येऊन बंद पडत असेल आणि प्रोसेसर यातला असेल तर ग्राफिक कार्ड बदलायला धावू नका. मात्र आधीच खराब झालेली चिप अपडेटने सुधारत नाही, ती वॉरंटीतच द्यावी लागते.

अपडेटच्या आधी तीन गोष्टी. यूपीएस लावा, आपल्याकडे लाइट कधी जाईल भरवसा नाही. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढा कारण सेटिंग डिफॉल्टला जातात. आणि बिटलॉकर (ड्राइव्हला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर अपडेटनंतर ४८ आकड्यांची की मागत बसेल आणि ती नसेल तर तुमचाच ड्राइव्ह तुम्हाला बंद.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो एसएमपीएसचा दोष समजून बदलू नका, बहुतेक वेळा घरात अर्थिंग नसतं. आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर तो निघून जातो, नसेल तर तुमच्या हाताला लागतो. जुन्या चाळी, जुन्या वाड्यांत हे नेहमीचंच. तीन पिनचा सॉकेट दिसतो म्हणजे मागे तिसरी वायर आहेच असं नाही, वायरमन बोलावून तपासून घ्या. टू पिन कन्व्हर्टर तर लावूच नका.

आणि एक्स्पो लावल्यावर किंवा काही बदलल्यावर मशीन उठतच नसेल तर लगेच पार्ट काढायला घेऊ नका. बरेच बोर्ड दोन-तीन वेळा फेल झाले की स्वतःच डिफॉल्टला येतात, तेवढी वाट बघा. नाहीच आलं तर मागची मेन केबल काढा, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या, बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल हळूच काढा, पाच मिनिटांनी परत बसवा आणि चालू करा. घड्याळ मागे गेलेलं दिसलं की समजा सगळं पुसलं गेलंय. मग मोबाइलमधले फोटो काढून एकेक सेटिंग परत लावत या, प्रत्येकाच्या मध्ये एकदा रीस्टार्ट करून.