ढगांआडचा पूर नकाशावर: रडार उपग्रहचित्रातून पाण्याची व्याप्ती कशी काढावी

पुराच्या दिवसांत आकाश बहुधा ढगांनी भरलेलं असतं, त्यामुळे नेहमीची रंगीत उपग्रहचित्रं नेमकी गरजेच्या वेळी पांढरीफटक निघतात. रडारला ढगांचा किंवा रात्रीचा अडसर नाही. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहमालिकेची रडारचित्रं कोपर्निकस या युरोपीय भूनिरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. रडारच्या लहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर, तर चित्राच्या पट्ट्याची रुंदी २५० किलोमीटर. संथ पाण्यावर ही लहर आरशावर पडावी तशी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे फारसं काही परत येत नाही आणि ती जागा काळी दिसते. या पद्धतीची ताकद तीच आणि तिच्या बहुतेक चुकांचं मूळही तेच.

चित्रं दोन लागतात: पुरापूर्वीचं आणि पुराचं. आयडब्ल्यू पद्धतीची (जमिनीवरची नेहमीची, रुंद पट्ट्याची) जीआरडी चित्रं (जमिनीवरच्या अंतरांत बसवलेली तयार चित्रं) घ्या आणि दोन्हींचा सापेक्ष कक्षा क्रमांक, म्हणजे उपग्रहाच्या ठरलेल्या वाटेचा क्रमांक, एकच आहे ना, हे पाहा. कक्षा बदलली की पाहण्याचा कोन बदलतो, डोंगरांच्या सावल्या दुसरीकडे पडतात आणि मग पाणी नसलेल्या ठिकाणीही ‘बदल’ दिसू लागतो. आधीचं चित्र शक्यतो त्याच हंगामातलं असावं. उन्हाळ्यातलं रिकामं शेत आणि पावसाळ्यातलं उभं पीक यांची तुलना करून पूर सापडत नाही, पीक सापडतं.

प्रक्रिया ‘स्नॅप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. पहिली पायरी कक्षादुरुस्तीची, म्हणजे उपग्रह नेमका कुठे होता हे चित्राला सांगण्याची, आणि घाईच्या वेळी अनेकांचं काम तिथेच अडतं. अचूक कक्षेची फाइल चित्रानंतर साधारण २० दिवसांनी येते. ताज्या चित्रासाठी लवकर येणारी, थोडी कमी अचूक ‘रेस्टिट्यूटेड’ फाइल निवडा, तीही नसेल तर फाइल न मिळाल्यास पुढे जाण्याच्या पर्यायावर खूण करा. पूरनकाशासाठी तेवढी अचूकता पुरते. त्यानंतर औष्णिक गोंगाट (रडारच्या उपकरणाचा स्वतःचा) काढा, हवा तेवढाच भाग कापून घ्या, सिग्मा-नॉट मूल्यांत (जमिनीच्या ठरावीक क्षेत्रामागे किती लहर परतली त्याचं माप) कॅलिब्रेशन करा आणि रडारचित्रातले दाणेदार ठिपके कमी करायला ५×५ किंवा ७×७ पिक्सेलांचा ‘ली’ नावाचा फिल्टर लावा. मग ३० मीटरचं उंचीचं प्रारूप वापरून भूरूपदुरुस्ती (डोंगरउतारांमुळे सरकलेले पिक्सेल जागेवर आणणं) करा, आणि डेसिबलमध्ये रूपांतर सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नका. डेसिबल हे लघुगणकी माप आहे, त्यात काढलेली सरासरी ही ऊर्जेची सरासरी नसते. भूरूपदुरुस्तीत प्रक्षेपण यूटीएमचं, म्हणजे मीटरमध्ये मोजणारं, निवडा. अक्षांश-रेखांशात ठेवलेल्या चित्रावरून क्षेत्रफळ मोजलं तर आकडा चुकतो. यूटीएममध्ये १० मीटरचे १०० पिक्सेल म्हणजे सरळ एक हेक्टर.

आता उंबरठा, म्हणजे ज्याच्या खालचे पिक्सेल पाणी धरायचे तो आकडा. व्हीव्ही ध्रुवीकरणाचा (लहर उभी पाठवून उभीच टिपलेल्या चित्राचा) हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख, उघडा. पाण्याचा लहान उंचवटा डावीकडे, जमिनीचा मोठा उंचवटा उजवीकडे, आणि मधल्या दरीत तुमचा आकडा. तो बहुधा उणे १५ ते उणे २० डेसिबलच्या आसपास पडतो, पण दुसऱ्या ठिकाणचा आकडा उचलून वापरू नका. दोन उंचवटे दिसतच नसतील तर कापलेल्या भागात पाणी फार थोडं आहे. नदीलगतचा पट्टा वेगळा कापून तिथे पुन्हा पाहा. उंबरठ्याखालच्या पिक्सेलांपैकी आधीच्या चित्रापेक्षा निदान ३ डेसिबलनं उतरलेलेच ठेवा, म्हणजे जिथून परतणारी ऊर्जा निम्मी किंवा त्याहून कमी झाली तेवढेच. नेहमीचे तलाव आणि नदीचं पात्र या अटीनं बरेचसे गळतात. उरलेले कायमच्या पाण्याच्या थरानं (नेहमी पाणी असलेल्या जागांच्या तयार नकाशानं) वजा करा. पाच अंशांहून जास्त उताराच्या जागा वगळा, तिथे काळं दिसतं ते बहुधा रडारसावलीमुळे, म्हणजे डोंगराआड लहर पोहोचत नसल्यामुळे. आठ पिक्सेलांपेक्षा लहान सुटे ठिपके पुसून टाका.

एवढं करूनही नकाशा काही ठिकाणी आंधळाच राहतो. दाट वस्तीत लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडे जाते, म्हणून बुडालेली गल्ली काळी न दिसता उलट उजळ दिसते. झाडांखालच्या पाण्याचीही तीच गत. वाऱ्यानं लाटा उठल्या की मोकळं पाणीसुद्धा उजळतं. तेव्हा व्हीएच ध्रुवीकरणाचं (लहर उभी पाठवून आडवी टिपलेलं) चित्र ताडून पाहा, त्यावर वाऱ्याचा परिणाम कमी होतो. याउलट कोरडी वाळू, डांबरी धावपट्टी आणि गुळगुळीत सपाट जमीन पाण्याइतकीच काळी दिसते. पाण्याची खोली तर या चित्रातून मुळीच कळत नाही.

म्हणून नकाशावर तीन रंग हवेत: पाणी दिसलं, पाणी दिसलं नाही, आणि इथे रडारला सांगता येत नाही. वस्ती, दाट झाडी आणि सावलीचे उतार तिसऱ्या रंगात घाला. हा रंग गाळला तर बचावपथक बुडालेली वस्ती कोरडी समजून पुढे निघून जाईल. या कामातली याहून गंभीर चूक आम्हाला माहीत नाही. चित्राची तारीख आणि वेळ ठळक अक्षरांत लिहा. चित्राच्या माहितीत वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, ती स्थानिक वेळेत बदला. हे उपग्रह साधारण सकाळी सहा किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास वरून जातात, त्यामुळे दुपारी आलेला लोंढा संध्याकाळपर्यंत ओसरला तर चित्रात तो नसेलच.

एकट्या सेंटिनेलवर विसंबू नका. एक उपग्रह त्याच कक्षेत १२ दिवसांनी परततो. अवकाश संस्थांनी मिळून २००० पासून चालवलेली ‘इंटरनॅशनल चार्टर’ ही यंत्रणा मोठ्या आपत्तीत अनेक देशांचे उपग्रह त्या भागाकडे वळवते, मात्र मागणी अधिकृत संस्थेकडूनच जावी लागते. ती कोणती आणि तिथे कोणाला कळवायचं, हे पूर येण्याआधी शोधून ठेवा. मागणीच्या तयारीसाठी पाणी शिरण्याची वाट पाहू नका. जोरदार पावसाचा अंदाज पक्का झाला की लगेच तयारीला लागा, कारण उपग्रहाला आज्ञा देऊन चित्र हाती येईपर्यंत वेळ जातो.

पूरभागात प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांना जड फाइल पाठवू नका. फोनच्या नकाशात उघडणारी केएमएल फाइल आणि गावांची नावं टाकलेलं एक हलकं चित्र पुरतं. पथकाकडून उलट माहिती मागवा: जागा, वेळ, पाणी आहे की नाही, असेल तर गुडघाभर की कमरेएवढं. अशा वीस-पंचवीस नोंदी आल्या तरी उंबरठा कुठे चुकला ते कळतं. नवं चित्र आलं की नवा नकाशा करा, पण जुन्यावर तो लिहू नका; फाइलच्या नावातच चित्राची वेळ घाला, म्हणजे कोणाच्या हातात कोणता नकाशा आहे हे फोनवर विचारता येईल.